ब्लॅक लोटसची पाठ: मॅजिकच्या नऊ जुन्या पत्त्यांचं प्रकरण

डाव नुकताच सुरू झालाय. पहिली पाळी असलेला खेळाडू ‘माउंटन’ ही जमीन टेबलावर ठेवतो. मग ब्लॅक लोटस. याला खर्च शून्य. लोटसचा बळी दिला की एकाच रंगाची तीन एकक शक्ती मिळते. खेळाच्या भाषेत तिला माना म्हणतात. तो हिरवा रंग घेतो. त्यातले दोन माना देऊन ‘चॅनेल’ टाकतो. चॅनेल म्हणतं, या पाळीपुरता तुझ्या आयुष्याचा एकेक गुण दे आणि एकेक माना घे. प्रत्येकाकडे सुरुवातीला 20 गुण असतात. तो त्यातले 19 देऊन टाकतो. आता त्याच्याकडे चॅनेलचे 19, लोटसमधला उरलेला 1, असे 20 माना आहेत आणि माउंटनचा एक लाल माना आहे. लाल माना देऊन ‘फायरबॉल’ पेटवतो आणि बाकीचे 20 त्यात ओततो. समोरच्याचे 20 गुण एका फटक्यात संपतात. समोरच्याने अजून पत्त्याला हातही लावलेला नाही.

मॅजिक: द गॅदरिंग या खेळातली ही सगळ्यात गाजलेली चाल आहे. चारच पत्ते, आणि त्यातही सगळा डोलारा एकावर उभा. तो पत्ता आणि त्याची आठ भावंडं मिळून ‘पॉवर नाइन’ म्हणून ओळखली जातात. ही नऊ पत्त्यांची ताकद खेळाच्या नियमांनी कशी आवरली आणि त्यांची टंचाई मात्र कंपनीच्या एका वचनाने कायमची कशी गोठली, हे मला या लेखात नीट उलगडून पाहायचं आहे. या दोन गोष्टी नेहमी एकत्र बोलल्या जातात, म्हणून प्रश्न सुटत नाही असं माझं मत आहे.

खेळ आणि त्याचा मूळ हिशोब

आपल्याकडच्या पत्त्यांत नशीब वाटपात असतं. हुकमाचा एक्का कुणाच्या हातात पडेल ते सांगता येत नाही, पण कॅट सगळ्यांचा एकच आणि त्यात एक्के चारच. मॅजिकमध्ये कॅटच प्रत्येकाचा वेगळा. पाकिटं विकत घ्यायची, त्यात जे निघेल त्यातून आपला डेक बांधायचा आणि दुसऱ्याच्या डेकशी भिडायचं. म्हणजे डाव बसण्याआधीच अर्धा डाव झालेला असतो.

रिचर्ड गारफील्ड हा गणिताचा माणूस. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने गणितात डॉक्टरेट केली. तो ‘रोबोरॅली’ नावाचा एक बोर्ड गेम घेऊन पीटर अ‍ॅडकिसनकडे गेला होता. अ‍ॅडकिसनची विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही वॉशिंग्टन राज्यातली छोटी कंपनी, आणि बोर्ड गेम छापायला पैसा लागतो. त्याला हवा होता सहज खिशात मावणारा, संमेलनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत उरकणारा खेळ. गारफील्डने मॅजिक दिलं. ऑगस्ट 1993 मध्ये त्याची पहिली आवृत्ती, अल्फा, बाजारात आली. छपाई बेल्जियममध्ये कार्टा मुंडीकडे झाली.

अल्फाचे एकूण पत्ते साधारण 26 लाख. दुर्मिळ गटातल्या प्रत्येक पत्त्याच्या प्रती जेमतेम 1,100. छपाईचं पान 11 बाय 11 असं 121 पत्त्यांचं असायचं. दुर्मिळ पानावर 116 दुर्मिळ पत्ते होते आणि उरलेल्या पाच जागांवर ‘आयलंड’ ही अगदी साधी जमीन छापलेली होती. त्यामुळे पाकीट फोडल्यावर दुर्मिळ पत्त्याच्या जागी एखाद्याला नुसतं आयलंड मिळे, आणि नशीब जोरावर असेल तर शेजारच्याला ब्लॅक लोटस.

गारफील्डला हे पत्ते जबर आहेत हे ठाऊक होतं. त्याचा हिशोब असा होता की लोक एखाददुसरा डेक आणि चार पाकिटं घेतील. दहा-बारा जणांच्या टोळक्यात लोटस आलाच तर एक येईल. शिवाय मूळ नियमांत पैज होती: प्रत्येक डावाला आपल्या डेकमधला एक पत्ता पणाला लागायचा आणि जिंकणारा तो घेऊन जायचा. म्हणजे जबर पत्ता एकाच्याच हातात टिकणार नाही, टोळक्यात फिरत राहील. टंचाई हाच तोल. हा विचार मला आजही खुळचट वाटत नाही. गावातल्या एका चावडीपुरता तो अगदी बरोबर होता.

चुकलं ते लोकांच्या भुकेबाबत. अल्फा काही आठवड्यांत संपला. लोक पाकिटं नाही, खोकीच्या खोकी घेऊ लागले, एकमेकांशी पत्ते बदलू लागले. आणि तेव्हाच्या नियमांत डेक किमान 40 पत्त्यांचा, एकाच पत्त्याच्या प्रती कितीही चालत. ज्याच्याकडे पैसा आणि चिकाटी, त्याच्या डेकमध्ये लोटस एक नव्हता, पाच होते.

नऊ पत्ते, जवळून

मॅजिकमध्ये दर पाळीला एकच जमीन ठेवता येते आणि जमिनीतून माना येतो. म्हणजे पहिल्या पाळीला एक माना, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. सगळा खेळ या चढणीवर बेतलेला आहे. पाच मॉक्स ही चढण मोडतात. मॉक्स पर्ल, सफायर, जेट, रूबी आणि एमराल्ड: मोती, नीलम, काळा जेट, माणिक आणि पाचू. डॅन फ्रेझरने काढलेले पाच दागिने. खर्च शून्य, आणि दर पाळीला आपापल्या रंगाचा एक माना. जमिनीसारखेच, पण ‘पाळीला एकच’ हे बंधन त्यांना नाही. लोटस एकदाच वापरता येतो, पण तीन पाळ्यांची चढण एका दमात चढवतो.

अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल एका निळ्या मानात तीन पत्ते उचलू देतो. हा पत्ता पाच जणांच्या एका मालिकेतला: पाच रंग, प्रत्येकाला एक माना, आणि प्रत्येक जण काहीतरी तीन देतो. लाल तीन इजा करतो, पांढरा तीन इजा भरून काढतो, हिरवा प्राण्याला तीनची ताकद देतो, काळा तीन माना देतो, निळा तीन पत्ते. कागदावर सारखं दिसतं. पण पांढऱ्याचा ‘हीलिंग साल्व्ह’ आज कुणी डेकमध्ये घेत नाही आणि निळ्यासाठी लोक हजारो डॉलर मोजतात. पाचांपैकी चार सामान्य गटात छापले गेले, एकटा अ‍ॅन्सेस्ट्रल दुर्मिळ गटात. यावरूनच कळतं की कर्त्याला त्याचा जोर कळला होता आणि त्याने उपाय म्हणून टंचाईच लावली होती.

टाइम वॉक दोन मानात आणखी एक पूर्ण पाळी देतो. याची चाचणीच्या काळातली एक गोष्ट सांगितली जाते. तेव्हा पत्त्यावरचा मजकूर होता, ‘प्रतिस्पर्धी पुढची पाळी हरतो’. एक जण गारफील्डकडे आला आणि म्हणाला, मला एक असा पत्ता मिळालाय की तो टाकला की जिंकलोच. त्याने ‘पुढच्या पाळीला प्रतिस्पर्धी डावच हरतो’ असा अर्थ घेतला होता. शब्द मग बदलले. नववा टाइमट्विस्टर: दोघांनी हातातले आणि टाकलेले पत्ते डेकमध्ये पिसायचे आणि नवे सात उचलायचे. दोघांना सारखंच, असं वाटतं. पण ज्याने आधीच चार मॉक्स टेबलावर ठेवून हात रिकामा केलाय, त्याला सात नवे पत्ते म्हणजे दिवाळी.

पहिला निर्णय: ताकद आवरली

1994 च्या सुरुवातीला स्पर्धांसाठी नियम आले. डेक 60 पत्त्यांचा, एका पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती, आणि एक मर्यादित यादी, जिच्यातल्या पत्त्याची एकच प्रत चालेल. पॉवर नाइन त्या यादीत गेले. एप्रिल 1994 च्या ‘रिव्हाइज्ड’ आवृत्तीतून तर ते छपाईतूनच काढून टाकले. तोवर अल्फा, बीटा आणि अनलिमिटेड या तीन आवृत्त्या मिळून ब्लॅक लोटसच्या जगभरात साधारण 22-23 हजार प्रती झाल्या होत्या. त्यातल्या बहुतेक अनलिमिटेडच्या, पांढऱ्या काठाच्या.

पुढच्या वर्षी ‘टाइप 2’ हा स्पर्धेचा नवा प्रकार आला, आजचा स्टँडर्ड. त्यात फक्त अलीकडच्या आवृत्त्यांचे पत्ते. नव्या माणसाला जुन्या खजिन्याशी लढावं लागू नये यासाठी. जुने पत्ते ज्यात चालतात त्या टाइप 1 ला आता व्हिंटेज म्हणतात आणि तिथे नऊही पत्ते आजही प्रत्येकी एक याप्रमाणे चालतात. लेगसी या दुसऱ्या जुन्या प्रकारात नऊच्या नऊ बंद. चौघांनी मिळून खेळायच्या कमांडरमध्ये आठ बंद आणि एकटा टाइमट्विस्टर चालतो.

ऑगस्ट 1994 मध्ये मिलवॉकीला जेन कॉन या खेळांच्या संमेलनात पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती झॅक डोलनने जिंकली. त्याच्या डेकमध्ये यातले पत्ते एकेक होते, आणि तरी खेळ खेळच राहिला. म्हणजे ताकदीचा प्रश्न वर्षभरात सुटला होता. नियमाने सोडवला, आणि चांगला सोडवला. पुढचं सगळं दुखणं वेगळं आहे.

दुसरा निर्णय: टंचाई गोठली

1995 मध्ये ‘क्रॉनिकल्स’ आली. अरेबियन नाइट्स, लेजंड्स अशा सुरुवातीच्या संचांतले पत्ते तिच्यात पुन्हा छापले. सिटी ऑफ ब्रास, एर्नाम जिन यांसारखे पत्ते, ज्यांच्यासाठी लोकांनी चांगले पैसे मोजले होते, ते अचानक कोणत्याही पाकिटातून निघू लागले. जुन्या प्रतींचे भाव पडले. साठवणारे आणि दुकानदार संतापले. त्यांचा राग खोटा नव्हता. कंपनीनेच ‘संग्राह्य’ म्हणून विकलेली वस्तू कंपनीनेच स्वस्त केली होती.

4 मार्च 1996 रोजी विझार्ड्सने राखीव यादी जाहीर केली. या यादीतले पत्ते खेळाच्या दृष्टीने जसेच्या तसे पुन्हा कधीही छापणार नाही, असं वचन. पॉवर नाइन त्यात होतेच. आज यादीत साडेपाचशेहून जास्त पत्ते आहेत, आणि त्यातले कितीतरी असे की फुकट दिले तरी कुणी डेकमध्ये घेणार नाही.

इथे एक बारकावा हातातून निसटतो. पॉवर नाइन क्रॉनिकल्समध्ये नव्हते. ते राखीव यादीच्या दोन वर्षं आधीच, तोल सांभाळण्यासाठी, छपाईतून गेले होते. त्यांच्यामुळे कुणाचं नुकसान झालं नव्हतं. क्रॉनिकल्सच्या जखमेवर लावलेली पट्टी त्यांच्याभोवतीही गुंडाळली गेली. खेळातून एक साधन काढून ठेवण्याचा निर्णय आणि ते कधीही परत न आणण्याचा शब्द, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वचन दगडावरची रेघ होतं असंही नाही. 2002 मध्ये ते सैल केलं: पहिल्या आवृत्तीतले सामान्य आणि मधल्या गटातले पत्ते यादीतून वगळले. त्यात चकचकीत फॉइल छपाईची पळवाट होती, ती वापरून काही पत्ते निघाले, आणि 2010 मध्ये ती बंद करून वचन आवळलं. दोन्ही वेळा कंपनीने स्वतःच ठरवलं.

परिणाम

भावांचे आकडे वाचताना छाती दडपते. पहिल्या प्रतीच्या अवस्थेतला एक अल्फा लोटस 2019 मध्ये 1,66,100 डॉलरला गेला. जानेवारी 2021 मध्ये दुसरा 5,11,100 डॉलरला, म्हणजे तेव्हाचे पावणेचार कोटी रुपये. त्याच्या प्लास्टिकच्या पेटीवर चित्रकार ख्रिस्तोफर रशची सही होती. रश 2016 मध्ये गेला. 2024 मध्ये एका खासगी व्यवहारात एक अल्फा लोटस 30 लाख डॉलरला विकला गेला. सुमारे 25 कोटी रुपये.

ही पेटी मला खूप काही सांगते. पत्ता तपासणाऱ्या कंपनीकडे जातो, तिथे कडा, कोपरे, पृष्ठभाग आणि छपाईचा मध्य बघून त्याला गुण दिले जातात आणि तो कठीण प्लास्टिकमध्ये बंद होतो. पेटी फोडली की गुण गेले. म्हणजे सगळ्यात चांगल्या अवस्थेतला पत्ता कधीच कुणाच्या हातात येणार नाही, पिसला जाणार नाही, टेबलावर पडणार नाही. खेळण्यासाठी केलेली वस्तू, आणि तिची किंमत ती न खेळण्यावर ठरते.

खेळणाऱ्यांच्या वाट्याला अनलिमिटेडच्या झिजलेल्या प्रती येतात, आणि त्याही काही हजार डॉलरच्या खाली नाहीत. अधिकृत व्हिंटेज स्पर्धेला खरे पत्ते लागतात. त्यामुळे कागदी व्हिंटेज मूठभर लोकांचं झालंय. मॅजिक ऑनलाइनवर जून 2014 मध्ये ‘व्हिंटेज मास्टर्स’मधून हे पत्ते संगणकावर आले, कारण राखीव यादी फक्त कागदाला लागू. मी व्हिंटेज तिथेच शिकलो. पहिल्यांदा लोटस टाकला तेव्हा जाणवलं की यात ताकदीपेक्षा निवड जास्त आहे. आत्ता टाकू की पाळी थांबू? समोरच्याकडे तोड असेल तर तीन माना हवेत जातील. हा मॅजिकमधला सगळ्यात खोल खेळ आहे असं मी मनापासून म्हणतो, आणि तो बहुतेकांनी कधी टेबलावर पाहिलेलाही नाही याचं मला वाईट वाटतं.

भाव चढले की नकलाही येतात. आता जुना पत्ता घेणारा माणूस खिशात भिंग ठेवतो. पाठीवर पाच रंगांचे ठिपके असतात, त्यातल्या हिरव्या ठिपक्यात भिंगातून पाहिलं की चार बारीक लाल बिंदू एका काटकोनाच्या आकारात दिसले पाहिजेत. सौदा करणारे दोघं दिव्याखाली वाकून आधी ते चार बिंदू शोधतात.

सोल रिंगची साक्ष

‘पुन्हा छापलं तर संग्राहक बुडतील’ हा राखीव यादीच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद. तो तपासायला आपल्याकडे एक तयार उदाहरण आहे, आणि या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

सोल रिंग हा अल्फातलाच पत्ता. एक माना द्या, मग दर पाळीला दोन घ्या. जोरात तो मॉक्सच्या पंगतीत सहज बसतो. व्हिंटेजमध्ये तोही एकच चालतो. पण तो दुर्मिळ गटात नव्हता आणि आज राखीव यादीतही नाही. 2011 पासून कमांडरच्या जवळजवळ प्रत्येक तयार डेकमध्ये तो येतो. माझ्या डेकमध्ये आहे, समोरच्या तिघांच्या डेकमध्येही आहे. नवी प्रत काही डॉलरांत मिळते.

आणि अल्फातली मूळ सोल रिंग? ती आजही हजारो डॉलरला जाते. असंख्य वेळा छापूनही. कारण संग्राहकाला हवी असते 1993 ची शाई, ते जास्त गोल कोपरे, ती पहिली छपाई. खेळाडूला हवा असतो पत्त्यावरचा मजकूर. सोल रिंगच्या बाबतीत दोघांनाही आपापलं मिळालं. लोटसच्या बाबतीत मजकूर आणि शाई एकमेकांना बांधली गेली आहेत.

अनलिमिटेडच्या मधल्या भावाच्या प्रतींना पुनर्मुद्रणाने फटका बसेल, हे मान्य करायला हवं. त्या लोकांनी शब्दावर विसंबून पैसे घातले. त्यांचं नुकसान क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही.

पण पत्त्याला गुंतवणूक मानलं की काय होतं हेही दिसलंय. 2020 मध्ये कमांडरसाठी ‘ज्युएल्ड लोटस’ हा लोटसचा सौम्य अवतार आला आणि महागला. 23 सप्टेंबर 2024 रोजी कमांडरच्या स्वयंसेवी नियम समितीने तो आणि आणखी तीन पत्ते बंद केले. निर्णय खेळाच्या भल्याचा होता. भाव कोसळले आणि समितीच्या लोकांना धमक्या आल्या. आठवड्याभरात समितीने कमांडरचा कारभार विझार्ड्सच्या हवाली केला. पुठ्ठ्याच्या तुकड्यापायी माणसांना जिवाची भीती वाटावी, हे वाचून मी दोन दिवस डेक उघडला नाही.

उरलेला प्रश्न

नोव्हेंबर 2022 मध्ये खेळाला 30 वर्षं होण्याच्या निमित्ताने विझार्ड्सने एक खास आवृत्ती विकली. 15 पत्त्यांची चार पाकिटं, किंमत 999 डॉलर, म्हणजे तेव्हाचे 80 हजारांवर रुपये. त्यात ब्लॅक लोटस निघू शकत होता, मॉक्स निघू शकत होते. तीच नावं, तोच परिणाम. फक्त पाठ वेगळी, म्हणून अधिकृत स्पर्धेत निरुपयोगी. वचन स्पर्धेत चालणाऱ्या पत्त्यांपुरतं, म्हणून ते अक्षरशः पाळलं गेलं. खेळाडूंना चीड आली ती यामुळे, आणि ती रास्त होती. छापण्याची इच्छा आहे, यंत्रं आहेत, विकत घेणारे आहेत; नाही ती फक्त परवानगी, आणि ती देणारी कंपनी तीच.

असाच प्रकार डिसेंबर 1993 मध्येही झाला होता. चौकोनी कोपऱ्यांचा, वेगळ्या पाठीचा ‘कलेक्टर्स एडिशन’ संच, स्पर्धेत अमान्य. आज अमेरिकेत आणि युरोपात फक्त 1993-94 चे पत्ते घेऊन खेळणाऱ्या टोळ्या आहेत. ही प्रथा स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या मंडळींनी रुजवली, आणि त्यांच्या स्पर्धेचं बक्षीस म्हणजे ‘जायंट शार्क’ नावाचा एक कवडीमोल पत्ता, सगळ्या स्पर्धकांच्या सह्या असलेला. स्वीडिश मंडळी मूळ छपाईचा आग्रह धरतात. पण अमेरिकेतल्या काही टोळ्यांनी चौकोनी कोपऱ्यांचे पत्ते केव्हाच चालवून घेतले आहेत. 2016 मध्ये विझार्ड्सनेही स्पष्ट केलं की घरगुती सरावासाठी कुणी साध्या जमिनीवर पेनने ‘ब्लॅक लोटस’ लिहून खेळला तर त्यांची हरकत नाही.

आणि त्या टेबलांवर पाहिलं तर एक गोष्ट लगेच दिसते. ज्या पाठीवरून हे सगळं अडलंय, ती तिथे कुणालाच दिसत नाही. खरा लोटस असो, चौकोनी कोपऱ्याचा असो की पेनने लिहिलेला. डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपले सगळे पत्ते एकाच रंगाच्या अपारदर्शक प्लास्टिकच्या खोळीत घातलेले असतात.